आठवी पाकळी

सभाभवनात शिरताना दाराच्या उजव्या हाताला एक काळा दगड बसवलाय. त्यावर कोरलंय, ‘ही वास्तू अठरा महिन्यांत, एकाही जीवितहानीविना पूर्ण झाली.’ चोवीस वर्षं मी लोकांना त्या दगडापाशी उभं करून हे वाक्य वाचून दाखवत होते. ‘एकाही’वर जरा जोर द्यायचा. जोर दिला की लोक माना डोलावतात आणि मग आत नीट वागतात.

माझं काम होतं लोकांना भवन दाखवायचं. शाळा मी दहावीपर्यंत केली, तीही रडतखडत. पुढचं शिक्षण या इमारतीनेच दिलं. आधी मी दारापाशी लोकांच्या पिशव्या सांभाळायची. पिशव्यांशी किती गप्पा मारणार, म्हणून तळघरात धूळ खात पडलेली पुस्तकं आणून वाचायची. एक दिवस माहिती सांगणारा माणूस आजारी पडला, बाहेर चाळीस जण उन्हात ताटकळलेले, आणि तेव्हाचे साहेब मला म्हणाले, “बाई, तुम्ही एरवी बोलता फार, आता जरा आत जाऊन बोला.” ती मी पुढे चोवीस वर्षं बोलत राहिले.

राजधानी इथे हलवायचं ठरलं तेव्हा इथे चिखल होता आणि चिखलात एक टपालकचेरी. दहा वर्षांत चौकाच्या चार बाजूंना चार इमारती उभ्या राहिल्या: सभाभवन, न्यायमंदिर, ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा. वास्तुकार परदेशातून आणला होता. त्याने इथला पाऊस कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे ग्रंथालयाला त्याने सपाट छप्पर दिलं आणि तिथली पुस्तकं दरवर्षी अंगावर बुरशी पांघरून बसतात. न्यायमंदिराच्या पायऱ्या इतक्या की भांडणारे दोघेही वर पोचेपर्यंत समेटाला तयार होतात. मनोऱ्याची चार घड्याळं चार वेगवेगळ्या वेळा दाखवतात. आम्ही म्हणतो, प्रत्येक खात्याची आपापली. सभाभवनाचे खांब दगडी दिसतात, पण आत वीट आहे, वरून बोटभर दगड. घुमट मात्र खरोखर देखणा. एकात एक असे दोन घुमट, मधे माणूस वाकून जाईल एवढी पोकळी. आतल्या घुमटाच्या कडेने चुन्याच्या गिलाव्यात उठवलेली चौसष्ट फुलं आहेत. त्रेसष्ट फुलांना आठ पाकळ्या. अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोब्बर वर आहे ते चौसष्टावं. त्याला सात. आठवीच्या जागी नुसतं सपाट.

ते मला एका पाहुण्याने दाखवलं. मी कामाला नवी, त्याच्या गळ्यात दुर्बीण. “बाई, त्या फुलाची एक पाकळी कुठे गेली?”

मला काय माहीत! पण चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तर उद्यापासून परत पिशव्या. मी मान वर केली, एक श्वास घेतला आणि ठोकून दिलं, “ती वास्तुकाराने मुद्दाम मोकळी ठेवली. कारण लोकशाही कधीच पूर्ण होत नसते. तिची शेवटची पाकळी जनतेने भरायची असते.”

टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला.

घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई तोवर गेलेली होती, आणि माझा संसार सुरू होऊन संपलाही होता. बाबा गिलाव्याचे कारागीर. चौकातल्या चारही इमारतींवर त्यांचा हात फिरलाय, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नाही. दिवसभर लोकांना उत्तरं देणाऱ्या माणसाला घरी आल्यावर प्रश्न सुचत नाहीत. बाबा भवनात मला बघायलासुद्धा कधी आले नाहीत. मला वाटायचं, गर्दी आवडत नसेल.

त्या संध्याकाळी जेवताना मी हातवारे करकरून सगळं सांगितलं: दुर्बीण, पाकळी, टाळ्या, रुमाल. बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, “छान सांगितलंस.” आणि अर्ध्या ताटावरून उठून हात धुतले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

माझं ते वाक्य माझ्यापेक्षा खूप शिकलं आणि मोठ्या हुद्द्यावर गेलं. पुढच्या वर्षी भवनाची माहितीपुस्तिका लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, तेव्हा मी ते त्यात घातलं. पुस्तिकेतून ते शाळेच्या धड्यात गेलं, तिथून भाषणांत, आणि शेवटी आमच्या वारसा सल्लागारांच्या जाडजूड ग्रंथात. त्यात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. सात पाकळ्यांचं फूल आता भवनाचं बोधचिन्ह आहे. तिकिटावर तेच, चहाच्या मगांवर तेच, रखवालदाराच्या टोपीवरही तेच.

यंदा भवनाला साठ वर्षं होणार, म्हणून डागडुजी निघाली आणि घुमटाच्या आत कामासाठी फळ्यांची परांची चढू लागली. तेव्हापासून बाबा रोज विचारायला लागले, “परांची कुठवर गेली?”

“सज्ज्यापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी, “आज?”

“खिडक्यांच्या वर. बाबा, मुकादम आहात का तुम्ही?”

“घुमटाच्या कडेला लागली की सांग.”

घुमटाच्या कडेला लागली त्या दिवशी मी सांगितलं. बाबांनी फडताळातून एक फडकं काढून माझ्यासमोर उलगडलं. आत त्यांची गिलाव्याची थापी होती, लाकडाची मूठ झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराची झालेली. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, गेल्या वीस वर्षांत त्यांनी तिला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

“मला वर ने,” म्हणाले. “तासाभराचं काम आहे. एक पाकळी राहिलीय.”

मग त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे नाही, थापीकडे बघत होते.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, माझा काका. तो कामावर पडून गेला, हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं घराला मागचं दार आहे हे माहीत असतं तसं. कुठल्या कामावर, ते नाही. कानामागे कायम एक लांब खिळा खोवलेला असायचा म्हणून सगळे त्याला खिळ्या म्हणत. दोघा भावांची जोडी होती. खिळ्या ओल्या गिलाव्यावर खिळ्याने पाकळी आखणार, बाबा ओल आहे तोवर चुना भरून ती उठवणार. त्यांच्या कामात एक नियम होता: आखतो त्याने भरायचं नाही, भरतो त्याने आखायचं नाही, आणि आखणी नसेल तिथे थापी टेकवायची नाही. इतक्या उंचावर, भिंतीला नाक लावून काम करताना भरणाऱ्याची नजर फसते, म्हणून.

“उद्घाटनाला चार दिवस होते,” बाबा म्हणाले. “शेवटचं फूल. त्याने सात आखल्या. आठवीसाठी हात लांब केला आणि फळी फिरली.”

बाबांनी फडक्याचं टोक सरळ केलं.

“मी खाली उतरेपर्यंत चुन्याच्या गाड्यावर घालून मागच्या दाराने नेलासुद्धा. मुकादम म्हणाला, वर जा, ओल सुकतेय, उद्या परांची सोडायचीय.”

“आणि तुम्ही गेलात?”

“ओल थांबत नाही गं.” त्यांनी थापीवरून अंगठा फिरवला. “सात आखलेल्या होत्या, सात भरल्या. आठवी अर्धीच होती. चार बोटं सरळ रेघ, मग ती घसरत पार खालच्या कडेपर्यंत गेलीय. खिळा हातात होता ना त्याच्या. अर्ध्या आखणीवर मी काय भरणार?”

कागदोपत्री माझा काका राहत्या खोलीच्या जिन्यावरून पडला. तो काळा दगड आधीच कोरून आलेला होता.

“आता अर्ध्या रेघेपासून पुढे मीच आखतो,” बाबा म्हणाले. “तेवढा एक नियम मोडतो. परांची परत लागेल तेव्हा मी कुठे असणार? आणि तो कुठे ना कुठे भेटलाच, तर पहिलं हेच विचारेल.”

त्या ताटाची आठवण मला तेव्हा झाली. चोवीस वर्षांनी. अर्धं ताट, धुतलेले हात, ‘छान सांगितलंस’.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांच्या खोलीत गेले. संचालक सभ्य माणूस. कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नाहीत, फक्त दुसऱ्याकडे बघतात. त्या दिवशी त्यांनी सल्लागारांकडे बघितलं. सल्लागारांच्या समोर त्यांचा ग्रंथ होता आणि हातात सात पाकळ्यांचा मग.

मी सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, “आणि ते लोकशाहीचं वाक्य वास्तुकाराचं नाही. माझं आहे. मी ते उभ्या उभ्या रचलं.”

सल्लागार मनापासून हसले. “बाई, तुमचा नम्रपणा मला फार आवडतो.”

“अहो, नम्रपणा कसला, थाप मारली होती मी!”

“हे बघा.” त्यांनी ग्रंथ उघडला. “प्रकरण सहा. इथे तळटीप आहे. आधार: भवनाची अधिकृत माहितीपुस्तिका.”

“ती मीच लिहिलीय.”

“हो, पण अधिकृत आहे.” त्यांनी हातातला मग खाली ठेवला. “तुम्ही म्हणता तसं असेलही. पण पुरावा? भवनाच्या कागदांत मृत्यूची नोंद नाही. मजुरांच्या यादीत तुमच्या वडिलांचं नाव नाही.”

“यादीत कोणाचंच नाव नाही. ‘गिलावा: दोन माणसं’ एवढंच आहे.”

“तेच तर.”

मग मी ते केलं, जे मी आयुष्यभर करत आलेय. जास्त बोलले. “पुरावा वर आहे,” मी म्हणाले. “सपाट जागेवर खिळ्याची रेघ आहे. चार बोटं सरळ, मग घसरलेली. चढा आणि बघा.”

सल्लागारांनी चष्मा लावला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यांना टिपताना बघून मला किती बरं वाटलं! संचालक म्हणाले, “बघू या.” मी खोलीबाहेर पडले ती जवळजवळ उड्या मारतच. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मला अजून वाटत होतं की माणसं टिपून घेतात ती बघण्यासाठी.

पाच दिवस काही कळलं नाही. परांची सोमवारी उतरणार होती. शुक्रवारी मी सरळ गिलावेवालीला गाठलं. डागडुजीच्या तुकडीची ती मुख्य. तिशीची, केसांत कायम चुना, आणि बोलणं असं की समोरच्याचाच गिलावा पडावा.

“तुमचे वडील? या फुलांचे?” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि इतके दिवस तोंडात काय धरलं होतं? चौसष्ट फुलं धुतली मी. एवढा साफ हात मी पाहिला नाही. आणा त्यांना. पण लेखी परवानगी मी देऊ शकत नाही.”

“मग?”

“उद्या दुपारच्या सुट्टीत आणा. माझी माणसं जेवायला जातात, मी चहाला जाते. वर कोण चढतं ते मला कुठून दिसणार?”

शनिवारी बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. भवनाच्या दाराशी आले तेव्हा काळ्या दगडापाशी थांबले. त्यांना वाचता येतं, पण सावकाश. मी मधेच म्हटलं, “चला बाबा, वेळ कमी आहे.” त्यांनी पुरतं वाचलं आणि मगच पाऊल उचललं.

परांचीला पाळणा होता, विजेवर चालणारा. बाबा त्यात माझा दंड धरून उभे राहिले. खालच्या खुर्च्या लहान लहान होत गेल्या. “आमच्या वेळी दोरी होती,” एवढंच म्हणाले. वर गिलावेवाली होती. चहाला गेलीच नव्हती. तिने ओल्या चुन्याची बादली तयार ठेवली होती आणि स्वतः दूर कडेला हात बांधून उभी होती. ती बाबांच्या पाया पडते की काय असं मला वाटलं, पण ती नुसती म्हणाली, “या बाबा. चुना कालच मळलाय.”

बाबांनी फुलाला हात लावला. पहिली पाकळी, दुसरी, तिसरी. सातवीपर्यंत बोटं अशी फिरली की जणू कोणाचा तरी चेहरा आहे. मग ती सपाट जागेवर आली आणि थांबली. परत मागे गेली, परत आली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि नाक भिंतीला टेकेल इतकं वाकले.

“रेघ कुठाय?”

गिलावेवाली पुढे आली. “कसली रेघ?”

“इथे होती. इथून निघून खाली.”

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. “ती... बाबा, ती चीर होती. आमच्या यादीत नव्हती, मला वाटलं होतं तशीच ठेवू. पण परवा वरून चिठ्ठी आली. फूल क्रमांक चौसष्ट, मोकळ्या जागेत चीर आहे, भरून घ्यावी. सल्लागारांची सही होती.” ती माझ्याकडे वळली. “त्यात लिहिलं होतं, चीर निदर्शनास आणून दिल्याबद्दल मार्गदर्शिकाबाईंचे आभार.”

वहीत टिपून घेणारा तो हात मला डोळ्यांसमोर दिसला. त्या माणसाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. त्याने प्रामाणिकपणे एक चीर ऐकली होती.

“मी परत आखून देते,” गिलावेवाली घाईघाईने म्हणाली. “तुम्ही सांगा कुठून, मी आखते. नियम तरी मोडणार नाही. बाकीचं माझ्यावर. नोकरी गेली तर गेली.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भरलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, कुठे उंचवटा लागतो का ते बघितलं. लागला नाही.

“हात चांगला आहे तुझा,” तिला म्हणाले. “कुठे सांधा कळत नाही.”

ती रडायलाच लागली. मला रडू आलं नाही. बाबांचं ते बोलणं मला ओळखीचं होतं, ते कुठून येतं हे आता मला माहीत होतं.

“बाबा, भरा ना,” मी म्हटलं. “ती आखतेय तर भरा.”

“त्याची होती ती पाकळी,” बाबा थापी फडक्यात गुंडाळत म्हणाले. “हिने आखली तर हिची होईल. उतरू या. तुझे पाहुणे खोळंबले असतील.”

सोमवारी परांची उतरली. बाबांनी पुन्हा कधी भवनाबद्दल विचारलं नाही.

मी मात्र बदल केला, अगदी लहानसा. काळ्या दगडापाशी वाक्य वाचायचं, ‘एकाही जीवितहानीविना’, आणि मग थांबून म्हणायचं, “एक सोडून.” एवढंच. कोणी विचारलं तर वर बोट करून सांगायचं, तिथून माझा काका पडला. बहुतेक जण हसायचे. त्यांना वाटायचं, बाई गमतीशीर आहेत. एका तरुणाने मला थांबवून तिकीट दाखवलं. “पण मॅडम, इथे वेगळं छापलंय.” आणि माझंच वाक्य त्याने मला वाचून दाखवलं, पूर्णविरामांसकट. मग माझ्या तोंडाकडे असं बघितलं की जणू मी परीक्षेत नापास झालेय.

दोन महिन्यांनी तक्रार आली की मार्गदर्शिकेचं बोलणं सहलीच्या मुलांना उदास करतं. संचालकांनी मला बोलावलं, सल्लागारांकडे बघितलं, आणि मला तिकीटखिडकीवर बसवलं. पिशव्यांच्या खिडकीला लागूनच आहे ती. चोवीस वर्षांत मी चार हात सरकले.

आता दिवसभर माझ्या हाताखालून ते फूल जातं, सात पाकळ्यांचं, आणि खाली माझं वाक्य. एक दिवस दुपारी खिडकीवर कोणी नव्हतं. मी एक तिकीट फाडलं आणि मोकळ्या जागेत बॉलपेनने आठवी पाकळी आखली. नुसती रेघ, आत काही भरलं नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर ते बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि पाण्याच्या तांब्याजवळ पेन ठेवलं.

बाबांनी तिकीट उचललं, दिव्याखाली धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

“वाकडी आखलीस,” म्हणाले.

“पहिलीच आहे माझी.”

“तेच म्हणतोय. खिळ्या पहिल्यांदा आखायला बसला तेव्हा त्याचीही अशीच आली होती. मी थापी लावली नव्हती. चार दिवस बोलला नाही माझ्याशी.”

पेनला त्यांनी हात लावला नाही. तिकीट सदऱ्याच्या खिशात घातलं, ताट पुढे ओढलं, आणि म्हणाले, “उद्या दुसरी आखून आण.”